विमानातून दिसलेलं तळं

मी बोलतोय. कपाट नंबर सहा, तिसरा खण, ढिगात वरून चौथा. पट्टा सात, फोटो सत्तेचाळीस. इतका नेमका पत्ता असूनही मला काढायला आलेला प्रत्येक माणूस आधी पाचव्या खणात हात घालतो, म्हणून मीच आता ओळख सांगत सुटलोय.

मी विमानातून काढलेला फोटो आहे. काळा-पांढरा, वीतभर लांब, वीतभर रुंद. माझ्या चारी कडांना बारीक खुणा आहेत आणि एका बाजूला चिमुकल्या घड्याळाचं चित्र आहे. त्यात सकाळचे नऊ वाजून बारा मिनिटं झालीत. एकवीस वर्षं झाली, माझ्याकडे नऊ बाराच वाजलेत.

फोटो म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ओळीने उभी असलेली, गळ्यापर्यंत बटणं लावलेली माणसं येतात. माझ्यात तसलं काही नाही. गच्च्या आहेत, कौलं आहेत, झाडांचे शेंडे, वाळत घातलेल्या गाद्या, गल्लीत आडवी लावलेली गाडी. माणसंही आहेत, पण टाचणीच्या टोकाएवढी. वरून माणसाचं फक्त डोकं दिसतं आणि डोकी, खरं सांगू का, सगळ्यांची सारखीच असतात. माणूस ओळखायचा तर त्याच्या सावलीकडे बघावं. सावली जमिनीवर आडवी पडते, त्यामुळे तिच्यात हातपाय, टोपी, उभं राहण्याची ढब सगळं येतं. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण.

माझा जन्म दोन हजार फुटांवर झाला. विमानाच्या पोटाला एक भोक होतं, त्यात कॅमेरा बसवलेला. शेत नांगरावं तसं विमान शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, वळायचं आणि शेजारून परत यायचं; अशा एका फेरीला पट्टा म्हणतात. दर पाच सेकंदांनी एक खटका, की एक फोटो. आणि गंमत म्हणजे, एकात आलेला निम्म्याहून जास्त भाग पुढच्यात पुन्हा यायचा. ही उधळपट्टी नव्हे. माणसाला देवाने दोन डोळे दिलेत, त्यांची सोय आहे ती.

म्हणजे असं की, मी आणि माझ्या पाठीवर जन्मलेला अठ्ठेचाळीस नंबर, आम्हाला शेजारी-शेजारी ठेवायचं. वर दोन भिंगांचं यंत्र ठेवायचं, त्याला स्टिरिओस्कोप म्हणतात. डाव्या डोळ्याने मला बघायचं, उजव्याने माझ्या भावाला. क्षणभर सगळं धूसर होतं आणि मग सपाट कागदातून घरं उठून उभी राहतात. झाडं वर येतात, नाले खोल जातात. पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास हात पुढे करून झाडाला बोट लावायला जातो. आम्हा दोघांना तेवढाच विरंगुळा.

आमच्यावरून नकाशा काढण्याचं काम नकाशा-कार्यालयातल्या एका गृहस्थांकडे होतं. त्यांच्या गळ्यात दोरीने भिंग अडकवलेलं असायचं, जेवताना सुद्धा. सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. माणूस मोठा हुशार. “ही शाळा. मैदान आहे आणि मैदानात गवत उगवलेलं नाही,” असं ते बसल्या जागी सांगत आणि ती शाळाच निघे. कार्यालयाचा नियम असा होता, की फोटोत जे कळणार नाही तेवढंच जागेवर जाऊन बघायचं. भिंगकाकांना फोटोत न कळलेलं असं आजवर काही निघालंच नव्हतं. त्यामुळे गेली कित्येक वर्षं ते कुठेही गेले नव्हते.

माझ्या डाव्या अंगाला, वरच्या बाजूला एक घर आहे. घरामागे मोठं मोकळं अंगण. तिथे एक पडदेवाला राहायचा. नाटकांचे मागचे पडदे रंगवायचा तो: महाल, जंगल, देऊळ, चांदणी रात्र, सांगाल ते. त्या सकाळी त्याने साठ फुटी पडदा अंगणात अंथरला होता आणि त्यावर तळं रंगवत आणलं होतं. लाटा होत्या, काठावर दगड होते, दोन हंस होते आणि पाण्यात पडलेला पूर्ण चंद्र होता. बांबूला बांधलेला लांब ब्रश घेऊन तो स्वतः पडद्यावर उभा होता. मी हे सगळं टिपलं. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत साठ फुटांचं तळं मावलं, याचा मला अजून अभिमान वाटतो.

मग भिंगकाकांचं भिंग माझ्यावर आलं.

“पाणी,” ते म्हणाले. “लाटा आहेत.”

त्यांनी नकाशावर निळी शाई लावली. मी मनातून ओरडत होतो, पण फोटोला जीभ नसते. हंसांपाशी ते थोडे अडले. वरून पाहिल्यावर हंसाची पाठ दिसायला हवी, आणि हे दोघे चक्क कुशीवर होते, मान बाकदार, चोच बाजूला. त्यातून एकेक हंस म्हशीएवढा. भिंगकाकांनी पेन्सिल कानावर अडकवली, दोन मिनिटं विचार केला आणि वहीत लिहिलं: “मोठ्या जातीचे पाणपक्षी, झोपलेले.” चंद्राचं त्यांनी गोल बेट केलं.

राहिला पडद्यावर उभा असलेला माणूस. त्यांना तो माणूस वाटला नाही, कारण पाण्यावर माणूस उभा राहत नाही, इतपत व्यवहारज्ञान त्यांच्यापाशी होतं. त्यांनी आम्हा दोघा भावांना यंत्राखाली घेतलं आणि उंची मोजली.

इथेच खरी मेख आहे, नीट ऐका. दोन फोटोंमध्ये एखादी गोष्ट जितकी जास्त सरकलेली दिसेल तितकी ती उंच, असा या यंत्राचा हिशेब. घरं-झाडं जागची हलत नाहीत, त्यामुळे हिशेब बरोबर येतो. पण माझा खटका पडला आणि भावाचा पडला, यात पाच सेकंद गेले. तेवढ्यात पडदेवाला विमानाच्या उलट दिशेने आठ पावलं चालला. यंत्राला चालणं कळत नाही. त्याने ती आठ पावलं एकावर एक रचली आणि भिंगकाकांना दाखवली. उंची भरली अठ्ठावीस फूट.

“तळ्यातला मनोरा,” भिंगकाका समाधानाने म्हणाले आणि त्यांनी तो काढला.

नकाशा छापून निघाला. मला कपाटात ठेवलं. पुढची वीस वर्षं मी अंधारात काढली, त्यामुळे मधला भाग मला नंतर कार्यालयात झालेल्या बोलण्यांवरून समजला. तो तुम्हालाही सांगायला हवा, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

दहाएक वर्षांनी नकाशा बघून कुण्या खात्याच्या लक्षात आलं, की शहरात एक तळं आहे आणि तिथे जीवरक्षक नाही. त्यांनी लगेच एक नेमला. तो शिट्टी, दोरी आणि रबरी कडं घेऊन पडदेवाल्याच्या दारात उभा राहिला. तळं कुठे, असं त्याने विचारलं. पडदेवाला म्हणाला, “इथेच होतं.” जीवरक्षकाने अंगण बघितलं, नेमणुकीचा कागद बघितला आणि खुर्ची मागितली. तेव्हापासून तो रोज आठ ते पाच अंगणात बसायचा. त्याला पोहता येतं का, हे कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही आपणहून विषय काढला नाही. अकरा वर्षांत त्याच्या हद्दीत एकही माणूस बुडालेला नाही. दोनदा त्याचा सत्कार झाला.

पडदेवाला नऊ वर्षांपूर्वी गेला. घरात त्याची बायको एकटी उरली. गल्लीत सगळे तिला काकू म्हणतात, तर मीही काकूच म्हणतो. नवऱ्याने हयातीत पडदे ठेवायला अंगणात एक खोली बांधली होती. जुन्या घराचं छप्पर खचल्यावर काकू त्या खोलीतच राहायला लागल्या. सकाळी स्वतःचा चहा करताना त्या जीवरक्षकाचाही करायच्या.

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग प्रतिमाबाई आल्या.

प्रतिमाबाई म्हणजे उपग्रहाने काढलेली प्रतिमा. आमच्या कार्यालयात एक तरुण मुलगी संगणकावर बसते, सगळे तिला संगणकवाली म्हणतात. तिच्या पडद्यावर एके सकाळी या बाई रंगीबेरंगी होऊन पसरल्या. मी त्या दिवशी टेबलावरच होतो, कारण जुना नकाशा आणि नवी प्रतिमा ताडून बघायचं काम निघालं होतं.

बाईंचा तोरा काय वर्णावा. “मी सहाशे किलोमीटरवरून बघते,” म्हणाल्या. “अख्खा जिल्हा एका दमात. तू किती बघतोस?”

“दोन-चार गल्ल्या,” मी म्हणालो. “पण गल्लीतल्या गाद्या मोजून देतो.”

“मी दर काही दिवसांनी त्याच जागेवरून, त्याच वेळेला जाते. तुझं विमान एकदा आलं ते आलं.”

हे खरं होतं आणि मला झोंबलं. विमान उडवायचं म्हणजे परवानगी हवी, वैमानिक हवा, आभाळ स्वच्छ हवं. बाईंना कुणाची परवानगी लागत नाही. शिवाय त्यांना माणसाला न दिसणारा उजेडही दिसतो. कुठलं पीक तरारलंय, कुठलं सुकलंय ते त्या शेताला हात न लावता सांगतात. आमच्यात कडेची उंच घरं बाहेरच्या बाजूला कललेली दिसतात, नकाशा करताना ती सरळ करावी लागतात. बाई इतक्या वरून बघतात, की त्यांच्यात घरं बहुतेक सरळच उभी. पण दुरून डोंगर साजरे, ही म्हण काही उगाच नाही पडली. संगणकवालीने चित्र मोठं-मोठं करत नेलं तेव्हा बाईंचे नुसते चौकोन झाले. काकूंचं घर म्हणजे आठ-दहा चौकोन. जीवरक्षक तर चौकोनातही आला नाही. मी खुदकन हसलो. बाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

पण त्या चौकोनांनी घात केला. नकाशात तळं, प्रतिमेत तळं नाही, उलट तळ्याच्या जागी एक खोली.

संगणकवालीने आपली शंका साहेबांना सांगितली. “साहेब, इथे तळं कधी नसावंच. या प्रतिमेत पाणी काळंकुट्ट दिसतं. इथे कसलाच ओलावा नाही.”

“नाहीच दिसणार,” साहेब म्हणाले. “बुजवलंय ना.”

साहेब वाईट नव्हते. पण त्यांची एक श्रद्धा होती: नकाशा आधी आणि जमीन नंतर. दोघांत फरक दिसला तर जमिनीचं काहीतरी चुकलंय. काकूंना नोटीस गेली. आपण सार्वजनिक तळे बुजवून त्यावर बांधकाम केले आहे, तीस दिवसांत घर रिकामे करावे, तळे पूर्ववत खणण्यात येईल, बेट व मनोरा यांचे काय केले त्याचा खुलासा करावा, पाणपक्ष्यांबाबत वेगळे विचारण्यात येईल.

अठ्ठाविसाव्या दिवशी काकू कार्यालयात आल्या. सोबत जीवरक्षक होता, शिट्टी गळ्यात. मी आणि माझा भाऊ दोन भिंगांच्या यंत्राखाली शेजारी-शेजारी पडलो होतो. भिंगकाका यंत्राच्या बाजूला ताठ बसले होते. निवृत्त व्हायला त्यांना चार महिने होते. संगणकवालीच्या पडद्यावर प्रतिमाबाई होत्या.

काकू बारीक चणीच्या. पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या टोकाला बसल्या. “साहेब, ते तळं नव्हतं हो. पडदा होता. आमच्या ह्यांनी रंगवलेला.”

“पडदा कुठे आहे?”

“नाटक कंपनीने नेला. पुढे कंपनी बुडाली.”

“बघा, बुडाली,” साहेब भिंगकाकांना म्हणाले, जणू काही त्याने पाण्याची खोली सिद्ध झाली.

“मग हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?” साहेबांनी काकूंना विचारलं. “नकाशा काही आज नाही छापला.”

“मी म्हणत होते ह्यांना, अर्ज करा म्हणून. ऐकतील तर शपथ. म्हणाले, राहू दे. इतक्या लांबून बघणाऱ्याला खरं वाटलं म्हणजे काम चांगलं झालं. वर त्या दिवशी पेढे—” काकू थांबल्या. “म्हणजे तोंड गोड केलं हो सगळ्यांचं. जशी पदवीच मिळाली.”

भिंगकाका खाकरले. मला वाटलं, त्यांना ते कुठेतरी लागलं. पण ते म्हणाले, “पडदा असता तर मीही पडदाच लिहिलं असतं. पण बाई, मनोऱ्याचं काय? मी स्वतः मोजलाय. अठ्ठावीस फूट. फडक्यावर अठ्ठावीस फुटी मनोरा उभा राहील का?”

साहेबांनी जीवरक्षकाला विचारलं, “तुम्ही अकरा वर्षं तिथे आहात. तळं बघितलं का?”

जीवरक्षकाची पंचाईत झाली. तळं बघितलं म्हणावं तर काकूंचं घर जातं, नाही म्हणावं तर स्वतःची खुर्ची. त्याने गळ्यातली शिट्टी काढून मुठीत घेतली. “साहेब,” तो शेवटी म्हणाला, “खोटं कशाला बोलू. अकरा वर्षांत माझा पाय सुद्धा ओला झाला नाही. काकूंचं घर पाडू नका.”

मला त्याच्याविषयी एकदम माया वाटली. पण साहेबांनी लिहून घेतलं: “तळे अकरा वर्षांपूर्वीच बुजवलेले होते.”

“मला बघू द्या तरी,” काकू म्हणाल्या. “माझं घर ज्याच्यापायी जाणार, ते बघू तरी द्या.”

नियमात तसं बसत नव्हतं, पण बसत नाही असंही कुठे लिहिलं नव्हतं. संगणकवालीने त्यांना यंत्रापाशी बसवलं, भिंगं डोळ्यांपुढे नीट केली. काकूंचे डोळे आमच्यावर आले. आधी धूसर, मग घरं उभी राहिली. त्यांनी दचकून हात पुढे केला.

“दिसला मनोरा?” भिंगकाकांनी विचारलं.

“दिसतोय,” काकू हळू आवाजात म्हणाल्या. “अधांतरी आहे काहीतरी.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मला रडू यायचं बाकी होतं. एका खटक्याचं माझं आयुष्य, आणि त्यात जे अगदी खरं-खरं टिपलं त्याच्या जोरावर एका बाईचं घर पाडणार होते. मी खोटं काही दाखवलं नव्हतं. माझ्या भावानेही नाही. आम्ही दोघं मिळून मात्र एक मनोरा उभा करून बसलो होतो.

तेवढ्यात काकूंनी उजवा डोळा मिटला.

त्याचं असं, की पडदे रंगवणाऱ्यांची एक सवय असते. रंगवलेला पडदा खोल वाटतो की सपाट, हे बघायला ते दूर जाऊन एक डोळा मिटतात, मग दुसरा. नवऱ्याबरोबर तीस वर्षं पडदे बघून काकूंना ती सवय लागलेली. कसलंही चित्र समोर आलं की त्यांचा एक डोळा आपोआप मिटतो. आणि या कार्यालयात आजवर एकानेही या यंत्रातून एक डोळा मिटून बघितलं नव्हतं. दोन डोळ्यांसाठीच तर ते बनवलेलं.

उजवा मिटला, तेव्हा त्यांना फक्त मी दिसलो. मग त्यांनी डावा मिटला, तेव्हा फक्त माझा भाऊ. पुन्हा उजवा. पुन्हा डावा.

“अहो,” काकू म्हणाल्या, “तुमचा मनोरा चालतोय.”

भिंगकाका उठले, काकूंना बाजूला व्हायला सांगून स्वतः बसले. त्यांनी एक डोळा मिटला, मग दुसरा. पाच-सहा वेळा केलं. त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी गळ्यातलं भिंग काढलं आणि आधी माझ्यावर धरलं, नंतर भावावर, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा मनोऱ्याऐवजी त्याच्या सावलीकडे पाहिलं.

“टोपी आहे,” ते म्हणाले. “खांद्यावर लांब दांडी आहे. साहेब, हा माणूस आहे. चूक माझी आहे. तळं नव्हतं.”

हे शब्द उच्चारताना त्यांना किती जड गेलं ते मी अगदी जवळून पाहिलं. त्यांचा हात माझ्यावरच टेकलेला होता.

“द्या इकडे,” काकू म्हणाल्या. त्यांनी भिंग जवळजवळ हिसकावूनच घेतलं. माझ्या डाव्या अंगावर त्यांचा श्वास लागत होता. “हो, तेच आहेत. टोपी अशी मागे ढकललेली. शंभरदा सांगितलं, ऊन लागेल, पुढे घ्या.” मग त्या संगणकवालीला म्हणाल्या, “आमच्याकडे ह्यांचा एकही फोटो नाही, बाळा. जन्मभर दुसऱ्यांसाठी पडदे रंगवले, त्यांच्यापुढे लोकांनी हौसेने फोटो काढून घेतले. ह्यांना कुणी म्हटलं तुम्ही पण उभे राहा, की म्हणायचे, हात बरबटलेत, पुढच्या वेळी.”

साहेबांनी पेनाचं टोपण परत लावलं. नोटीस रद्द झाली. घर वाचलं. इतकं सुटल्यासारखं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

प्रतिमाबाई सुद्धा पडद्यावरून म्हणाल्या, “मानलं तुला. मी आजचं सगळं सांगेन, पण एकवीस वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी या अंगणावर मी नव्हते.” मी म्हणालो, “आणि तुम्ही ती खोली दाखवली नसती तर मला कपाटातून कुणी काढलंच नसतं.” तेव्हापासून आमचं बरं जमतं.

आता तुम्हाला वाटेल, तळं नकाशावरून गेलं असेल. छे. नकाशावर एकदा आलेलं तळं काढायला वरची मंजुरी लागते, आणि वरच्यांना बेट, मनोरा, पाणपक्षी या सगळ्यांचं वेगवेगळं कारण हवं होतं. तळं हलवायला मात्र साहेबांची सही पुरते. साहेबांनी ते हलवलं. जवळपास मोकळी अशी एकच जागा त्यांना सापडली, ती म्हणजे आमच्या कार्यालयामागचं आवार, जिथे सगळे सायकली लावतात. तर सध्या तळं तिथे आहे. जीवरक्षकही आता तिथेच खुर्ची टाकून बसतो आणि सायकल काढायला येणाऱ्यांना जपून जायला सांगतो. मागच्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर नोटीस येऊन पडली, की आपले कार्यालय तळ्याच्या काठावर विनापरवाना उभे आहे. साहेब खुलासा लिहिताहेत.

काकू दर गुरुवारी दुपारी येतात. फोटो घरी नेता येत नाही, नियम आहे. नक्कल देऊ का, असं भिंगकाकांनी विचारलं होतं. निवृत्त झाले तरी ते गुरुवारी येतात, यंत्र मांडायला. काकू नको म्हणाल्या. नकला भिंतीवर लावता येतील, पण यंत्र कुठून आणायचं? त्या बसतात, भिंगांना डोळे लावतात आणि एक-एक डोळा मिटतात. पडदेवाला आठ पावलं जातो, आठ पावलं मागे येतो.

पहिल्या एक-दोन खेपांना त्या नुसत्या बघत होत्या. तिसऱ्या गुरुवारी म्हणाल्या, “हे घराकडे निघालेत.”

भिंगकाकांनी मान हलवली. घर त्याच बाजूला होतं.

“मला आठवतंय ते,” काकू म्हणाल्या. “विमानाचा आवाज आला. ह्यांनी हाक मारली, अगं, बाहेर ये, विमान बघ किती खालून चाललंय. मी म्हटलं, दूध ठेवलंय, उतू जाईल. परत हाक मारली. मग बोलवायलाच आले दारापर्यंत. तोवर विमान गेलं होतं.” मग त्यांनी विचारलं, “ह्याच्या पुढचा आहे का हो फोटो?”

भिंगकाकांनी एकोणपन्नास नंबर काढला. तो माझा धाकटा भाऊ. त्यात गल्ली आहे, शेजारचं कुंपण आहे. अंगण बोटभर बाहेर राहिलंय. विमान पुढे गेलं होतं. काकूंनी तो दोन्ही बाजूंनी बघितला आणि परत दिला.

“जायला हवं होतं मी बाहेर,” त्या म्हणाल्या. “दूध काय, रोजचंच.”

सध्या कार्यालयात कपाटं रिकामी करायची चर्चा चाललीय. आम्हाला यंत्रावर घालून संगणकात उतरवून घेणार आणि कागद बाहेर टाकणार, असं ऐकतो. माझी काही तक्रार नाही. एकवीस वर्षं म्हणजे फोटोच्या मानाने खूप झाली, कडा पिवळ्या पडल्यात, वरचा एक कोपरा दुमडलाय. संगणकवालीने माझी बाजू मांडलीय, ती चांगली मुलगी आहे. पण ठरवणारे दुसरेच कुणी असतात.

तुमच्यापैकी कुणाच्या हातात ते असेल, तर एवढंच ऐका. संगणकात ठेवा, खोक्यात ठेवा, माळ्यावर टाका, पण सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस एकत्र ठेवा. एकट्या माझ्यात तो माणूस नुसता उभा आहे. घराकडे निघायला त्याला आम्ही दोघं लागतो.